आपत्ती येण्यापूर्वीचा हिशेब




मागील वार्षिक सर्वसाधारण सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी एक प्रश्न उपस्थित केला होता. देवगाव फाट्यासारख्या ठिकाणच्या आपल्या लहानशा रुग्णालयाने विजेची जुनी वायरिंग बदलणे, जनित्र उंच ओट्यावर नेणे आणि मागचा दरवाजा रुंद करणे, अशा डोळ्यांना न दिसणाऱ्या कामांवर पैसा का खर्च करावा? तेवढ्या रकमेत एखादे नवे यंत्र आले असते, आणि त्यावर देणगीदाराचे नावही लागले असते. प्रश्न रास्त होता. सभेत वेळेअभावी त्याचे उत्तर दोन वाक्यांत द्यावे लागले. आज या अहवालाच्या निमित्ताने ते सविस्तर देत आहे.

हे उत्तर शोधताना मला महानगरांकडे, त्यातही मुंबईकडे पाहावे लागले. फाट्यावरच्या माणसाने मुंबईचे उदाहरण घ्यावे, यात वावगे काही नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या भागातील अनेक कुटुंबे मुंबईच्या वाटेला लागली. आजही सेलू स्थानकावरून सुटणाऱ्या गाडीत प्रत्येक गावाचे कोणी ना कोणी बसलेले असते. मुंबईत पाणी भरले की इकडे फोन लावणाऱ्यांचा जीव टांगणीला लागतो. शिवाय नैसर्गिक व मानवनिर्मित आपत्तींचे इतके निरनिराळे प्रकार एकाच शहराने इतक्या थोड्या वर्षांत सोसल्याची उदाहरणे आपल्या देशात फारशी नाहीत. त्या शहराने मोठी किंमत देऊन जे धडे घेतले, ते आपल्याला विनामूल्य उपलब्ध आहेत.

धोका आणि जोखीम

मी वैद्यकीय संस्थेत काम करीत असलो तरी माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे. त्यामुळे प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करून घेण्याची सवय आहे. या विषयात ‘धोका’ आणि ‘जोखीम’ हे दोन शब्द वेगळे समजले पाहिजेत. भूकंप, अतिवृष्टी, आग, स्फोट हे धोके होत. त्या धोक्याच्या टापूत किती माणसे व मालमत्ता आहे, आणि ती किती कच्ची आहे, यावर जोखीम ठरते. धोका पुष्कळदा आपल्या हाती नसतो. जोखीम मात्र बऱ्याच अंशी आपणच वाढवतो आणि आपणच कमी करू शकतो.

मराठवाड्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे दगावली. जगात त्याहून मोठे भूकंप होऊनही एवढी प्राणहानी होत नाही. किल्लारीत माणसे मेली ती जाड दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरील मातीच्या जड माळवदाखाली गाडली जाऊन. भूकंप अडवता आला नसता. भिंतींना सांधणारे दगड आणि छताखाली एकसंध पट्टा घालता आला असता. त्या दुर्घटनेनंतर महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे व नियंत्रण कक्ष उभे राहिले. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा डिसेंबर २००५ मध्ये आला, तोपर्यंत महाराष्ट्राने या कामाला सुरुवात केलेली होती.

२६ जुलै २००५

त्या कायद्याच्या काही महिने आधी मुंबईत जे घडले ते सर्वांना स्मरत असेल. सांताक्रूझ येथील वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे एकाच शहराच्या एका टोकाला प्रलय आणि दुसऱ्या टोकाला पावसाळ्यातील नेहमीचा दिवस. त्या वेळी मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. उपनगरांत नेमके काय चालले आहे, हे दक्षिण मुंबईतील कार्यालयांना बराच वेळ कळलेच नाही. कार्यालये सुटली, लोक नेहमीप्रमाणे घराकडे निघाले आणि थेट पुरात जाऊन अडकले. पाण्यात उभ्या राहिलेल्या मोटारींचे दरवाजे न उघडल्याने काहींचा आतच गुदमरून अंत झाला. साकीनाका येथे दरड कोसळून अनेक कुटुंबे गाडली गेली. लोकल बंद, वीज बंद, दूरध्वनी बंद. शहरात चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगांनी आणखी बळी घेतले.

पाऊस अभूतपूर्व होता हे खरे. परंतु हानीचा सगळा दोष पावसाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. शहरातील पर्जन्यजल वाहिन्यांची रचना मुळात ताशी २५ मिलिमीटर पावसाचा विचार करून झालेली होती, तीही भरती नसताना. त्या दिवशी दुपारी सुमारे साडेचार मीटरची भरती होती, आणि वाहिन्यांच्या बहुतेक मुखांना समुद्राचे पाणी अडवणारी दारे नव्हती. विहार तलावापासून माहीमच्या खाडीपर्यंत जाणाऱ्या मिठी नदीचे पात्र भराव, अतिक्रमण आणि कचऱ्याने आक्रसले होते. विमानतळाजवळ तर नदीला चक्क काटकोनात वळवलेले होते. पाणी मुरवून घेणाऱ्या खारफुटीच्या व दलदलीच्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. वाहिन्यांची क्षमता दुप्पट करावी, असे सुचवणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा सविस्तर अहवाल १९९३ पासून महापालिकेकडे होता. बारा वर्षांत त्याचा फार थोडा भाग प्रत्यक्षात आला होता.

हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहिले तर येथे एक मोठी चूक दिसते. यंत्राचा घसारा आपण दरवर्षी खर्चाच्या बाजूला लिहितो, तेव्हा खिशातून पैसा जात नाही. तरी यंत्र झिजले आहे आणि उद्या ते बदलावे लागेल, याची वहीत आठवण राहते. शहराच्या नाल्याचा, नदीच्या पात्राचा, जुन्या भिंतीचा घसारा कोणी लिहीत नाही. दुरुस्ती टाळली की खर्च वाचला असे वाटते. प्रत्यक्षात तो वाचत नाही, केवळ वहीबाहेर जातो. आपत्तीच्या दिवशी तो व्याजासह वसूल होतो, आणि पुष्कळदा ज्याने तो टाळला त्याच्याकडून नव्हे, तर दरडीखालच्या झोपडीतील माणसाकडून वसूल होतो.

महानगराने पुढे काय केले

२६ जुलैनंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. शासनाने मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन केले. महापालिकेने अग्निशमन केंद्रे व इतर इमारतींवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. त्यामुळे कोणत्या विभागात किती पाऊस पडतो आहे हे दर काही मिनिटांनी कळू लागले. आपत्ती व्यवस्थापन कक्ष चोवीस तास सुरू असून १९१६ या क्रमांकावर नागरिकांना संपर्क साधता येतो. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझदरबंध येथे मोठी उदंचन केंद्रे उभारण्यात आली. भरतीच्या वेळी शहरातील पाणी उपसून समुद्रात टाकण्याचे काम ती करतात. डॉप्लर रडार आले. जून २०२० मध्ये ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर्वसूचना प्रणाली सुरू झाली, जिच्या साहाय्याने कोणत्या भागात पाणी साचण्याचा संभव आहे याचा अंदाज आधी देता येतो. हिंदमाता परिसरातील पाणी तात्पुरते साठवण्यासाठी मैदानांखाली भूमिगत टाक्या बांधण्यात आल्या.

या सर्व कामांत मला एक साम्य दिसते. ती सगळी आपत्तीपूर्वीची कामे आहेत. मोजणे, आधी कळवणे, वाट मोकळी ठेवणे आणि कोणी काय करायचे ते ठरवून ठेवणे, एवढ्या चार गोष्टींत त्यांचे सार येते.

तरीही काम पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही. २९ ऑगस्ट २०१७ रोजी पुन्हा अतिवृष्टी झाली. त्या दिवशी ख्यातनाम पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर घरी चालत जात असता पाण्याखालील उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि वैद्यकीय क्षेत्राने एक मोठा माणूस गमावला. त्यानंतर मॅनहोलच्या झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसवण्याचे काम सुरू झाले. लोखंडी जाळी ही काही महागडी किंवा दुर्मीळ वस्तू नव्हे.

मानवनिर्मित आपत्ती

महानगराची जोखीम केवळ निसर्गातून येत नाही. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि अडीचशेहून अधिक लोक ठार झाले. ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी गर्दीच्या वेळी अवघ्या ११ मिनिटांत सात लोकल गाड्यांत स्फोट झाले. दोनशेहून अधिक प्रवासी मरण पावले आणि सातशेहून अधिक जखमी झाले. त्या सायंकाळी रुळांलगतच्या वस्त्यांतील लोकांनी घरातील चादरींची झोळी करून जखमींना उचलले व मिळेल त्या वाहनाने रुग्णालयांत पोचवले. पहिली मदत नेहमी शेजाऱ्याचीच असते. शासकीय यंत्रणा कितीही तत्पर असली तरी ती त्यानंतर येते. म्हणून रुग्णवाहिकांच्या संख्येइतकेच महत्त्व सामान्य माणसाच्या प्रथमोपचार प्रशिक्षणाला आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी कामा रुग्णालयात शिरले. तेव्हा तेथील एका परिचारिकेने प्रसूतिपूर्व कक्षातील वीस गर्भवतींना एका लहान खोलीत नेऊन, दिवे मालवून रात्रभर सांभाळले. त्या सर्व जणी वाचल्या. त्या रात्री वरिष्ठांचा आदेश येण्याची वाट पाहायला वेळ नव्हता. आपल्या कक्षाची दारे, खोल्या आणि रुग्ण यांची खडान्खडा माहिती हेच त्या परिचारिकेचे साधन होते.

काही आपत्तींत तर शत्रूही नसतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर पाऊस थांबण्याची वाट पाहणाऱ्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली व २३ जण गेले. रुंद पुलाची मागणी जुनी होती. दुर्घटनेनंतर लष्कराच्या अभियंत्यांनी पाच महिन्यांच्या आत नवा पूल बांधून दिला. म्हणजे काम अशक्य नव्हते, केवळ क्रम उलटा झाला. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात एक प्रचंड जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तो फलक परवानगीयोग्य आकारापेक्षा कितीतरी मोठा होता. येथे वारा हे निमित्त झाले.

रुग्णालय स्वतःच आपत्तीत सापडले तर

आता आपल्या विषयाकडे येतो. आपत्तीच्या दिवशी सारे शहर ज्या इमारतीकडे धाव घेते ती रुग्णालयाची असते. तीच उभी राहिली नाही तर? २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूज येथील जिल्हा रुग्णालय कोसळले, आणि जेथे जखमींना न्यायचे तेच ठिकाण ढिगारा झाले. पुढे ते नव्याने बांधताना पायाशी भूकंपाचे हादरे शोषून घेणारे आधार बसवण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ चा जागतिक आरोग्य दिन आणीबाणीच्या काळात रुग्णालये सुरक्षित ठेवण्याच्या विषयासाठी दिला होता, तो याच अनुभवांतून.

९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात आग लागली. वाहनतळासाठी असलेल्या तळघरात ज्वालाग्राही सामान साठवलेले होते. आग तळघरातच होती, परंतु धूर वरच्या मजल्यांवर चढला आणि झोपेतले ९० हून अधिक लोक, बहुतेक रुग्णच, गुदमरून गेले. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु दक्षता कक्षातील आगीत दहा बालके दगावली. त्याच वर्षी २१ एप्रिल रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला व वीसहून अधिक रुग्ण मरण पावले. ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली व अकरा रुग्ण गेले. नगर, नाशिक, भंडारा ही मुंबईसारखी महानगरे नव्हेत, हे येथे लक्षात घ्यावे.

या घटना वाचल्यानंतर मी एके संध्याकाळी आपल्या रुग्णालयात एकटाच फिरलो. जिन्याखाली जुन्या गाद्या व खोक्यांचा ढीग होता. मागच्या दरवाजाला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना ठाऊक नव्हते. अग्निशामक नळकांडी भिंतीवर होती, पण ती चालवून पाहिलेला एकही माणूस त्या पाळीत नव्हता. गाद्या तेथे ठेवण्यास परवानगी मीच दिली होती. कोणत्याही ताळेबंदात न दिसणारे ते माझ्या खात्यावरचे दायित्व होते.

फाट्यावरचे धोके

आपल्याकडे समुद्र नाही आणि लोकलही नाही. परंतु जालना-जिंतूर मार्गाला सेलूचा रस्ता मिळतो अशा फाट्यावर आपण आहोत. दिवसरात्र मालमोटारी, बस, दिंड्या, ऊसतोड मजुरांचे ट्रॅक्टर येथून जातात. एखादी प्रवासी गाडी उलटली तर तीस-चाळीस जखमी एकाच वेळी आपल्या दारात येऊ शकतात. मुंबईच्या रुग्णालयात दोनशे जखमी येणे आणि आपल्याकडे तीस येणे, यांत उपलब्ध मनुष्यबळाच्या प्रमाणात पाहता फारसा फरक नाही.

२१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या ४.५ क्षमतेच्या भूकंपांचे हादरे परभणी जिल्ह्यातही जाणवले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या आरंभी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा आपल्या जनित्राच्या जुन्या ओट्याच्या पायरीपर्यंत पाणी आले होते. आणखी एक पायरी चढले असते तर वीज गेल्यावर प्राणवायूची यंत्रे कशावर चालवायची, हा प्रश्न त्या रात्री आमच्यापुढे उभा होता. सभासदांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर ती पायरी आहे.

उन्हाळ्याचेही तसेच. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत अहमदाबाद शहरात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यातून बोध घेऊन त्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. आधी इशारा देणे, पाण्याची सोय करणे, कामाच्या वेळा बदलणे, रुग्णालयांत थंड कक्ष ठेवणे एवढाच त्याचा गाभा आहे. परभणीच्या उन्हात शेतमजुरांसाठी यातील प्रत्येक गोष्ट लागू पडते.

झालेली व करावयाची कामे

विश्वस्त मंडळाच्या मान्यतेने अहवाल वर्षात पुढील कामे झाली. विजेच्या भाराची तपासणी करून जुनी वायरिंग बदलली. जनित्र उंच ओट्यावर नेले. मागचा दरवाजा खाटेसह रुग्ण बाहेर नेता येईल इतका रुंद केला व त्याला आतून उघडणारी कडी बसवली. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमानुसार जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावयाचे अग्निसुरक्षा यंत्रणेचे प्रमाणपत्र वेळेवर सादर केले. जिन्याखालची जागा रिकामी असून तेथे काहीही ठेवण्यास मनाई आहे. ही मनाई व्यवस्थापकालाही लागू आहे.

यापुढे तीन गोष्टी करावयाच्या आहेत. पहिली, एकाच वेळी अनेक जखमी आल्यास गंभीरतेनुसार लाल, पिवळी, हिरवी व काळी चिठ्ठी लावून त्यांची वर्गवारी करण्याचे प्रशिक्षण सर्व कर्मचाऱ्यांना, अगदी शिपाई व सफाई कामगारांनाही द्यावयाचे आहे. दुसरी, वर्षातून दोनदा, त्यातील एकदा रात्रपाळीत, रंगीत तालीम घ्यावयाची आहे. तिसरी, फाट्यावरील हॉटेलचालक, रिक्षाचालक व दुकानदार यांना प्रथमोपचार शिकवावयाचे आहेत, कारण अपघातस्थळी तेच सर्वांच्या आधी पोचतात.

या कामांचा मोबदला काय, असे कोणी विचारील. अमेरिकेतील राष्ट्रीय इमारतशास्त्र संस्थेने २०१९ मध्ये तेथील शासकीय अनुदानांचा अभ्यास करून, आपत्तीपूर्व कामावरील एका डॉलरमागे सहा डॉलरची हानी टळते असा निष्कर्ष काढला. तो आकडा त्या देशाचा आहे. आपल्याकडे तेवढाच लाभ होईल असे मी म्हणणार नाही. शिवाय या खर्चाचा एक स्वभाव आपण समजून घेतला पाहिजे. तो यशस्वी झाला तर काहीच घडत नाही. न लागलेल्या आगीचा फोटो अहवालात छापता येत नाही आणि न दगावलेल्या रुग्णाचे नाव फलकावर लिहिता येत नाही. म्हणूनच अशा कामाला देणगी देणाऱ्याचे मन मोठे असावे लागते.

महानगरांनी हा हिशेब अनेकदा आपत्तीनंतर मांडला आणि त्याची किंमत निरपराध माणसांनी चुकवली. आपली संस्था लहान आहे. आपला हिशेब आधी मांडणे आपल्याला सहज शक्य आहे. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात सुरक्षिततेसाठी स्वतंत्र शीर्षक ठेवून कायमस्वरूपी तरतूद करावी, असा प्रस्ताव मी येत्या सर्वसाधारण सभेपुढे विनम्रपणे ठेवीत आहे. ज्या ज्येष्ठ सभासदांनी मागील वर्षी प्रश्न विचारला त्यांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. त्यांनी विचारले नसते, तर त्या संध्याकाळी मी जिन्याखाली डोकावलो नसतो.



आपला विनम्र,
व्यवस्थापक